स्टेपनी आहे, पण हवा भरलीय का?

सोलापूरच्या टॉवेल-चादर कारखानदारांना खुले पत्र

अण्णा, मालक, वहिनी आणि नुकतीच कारभारात लक्ष घालू लागलेली धाकटी मंडळी, सर्वांना नमस्कार.

तुमच्या कारखान्यात आलो की मी आधी स्टोअरच्या खोलीत डोकावतो. ऑफिस नंतर. ही माझी जुनी सवय. तिथं फळीवर धोटे असतात, पिकर असतात, पट्टे गुंडाळून खिळ्याला अडकवलेले असतात आणि कोपऱ्यात पोत्याखाली रिवाइंडिंग करून आणलेली एक मोटार झाकलेली असते. मागाची मोटार जळाली तर तुमचा जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा मिस्त्री, कुणाला विचारायला जात नाही. जळकी उतरवतो, पोत्याखालची चढवतो, चहा पिऊन होईपर्यंत माग पुन्हा खडखडायला लागतो.

मग मी ऑफिसात येतो. तिथं कॉम्प्युटरचा एक डबा असतो. बाहेरून धुळीनं पांढरा, वर गेल्या खंडेनवमीचं हळदकुंकू अजून तसंच. चादरीची सगळी डिझाइनं त्यात, हिशेबाची टॅली त्यात, जीएसटीचे आकडे त्यात, पार्ट्यांची येणी-देणी त्यात. मी विचारतो, "मालक, ह्याचं सुटं काय ठेवलंय?" उत्तर ठरलेलं असतं : "पेनड्राइव्हमध्ये आहे की सगळं."

हे पत्र त्या 'आहे की सगळं'बद्दल आहे.

नवी पेठेजवळच्या एका गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तुमच्यातल्या पुष्कळांना मी ओळखतो, म्हणून चार शब्द जास्त बोललो तर चालवून घ्या. हे प्रत्येकाला एकेकटं सांगून झालंय. मान डोलवली जाते, चहा येतो, पुढे काही होत नाही. म्हणून आता सगळ्यांना मिळून एकदाच लिहितो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचं नाव घेत नाही, मालक वाचतील तेव्हा हसतील. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या डिझाइनच्या कॉम्प्युटरमधून टक्‌ टक्‌ असा आवाज यायला लागला. दोन दिवस कुणी लक्ष दिलं नाही, कारण बाहेर रॅपियर मागांचा आवाज एवढा की आत घड्याळ पडलं तरी कळायचं नाही. तिसऱ्या दिवशी स्क्रीन काळी. मला फोन : "ये आणि फॉरमॅट मारून दे, संध्याकाळपर्यंत चालू पाहिजे." गेलो. हार्डडिस्क उडालेली. फॉरमॅट मारायला डिस्क तरी जिवंत लागते.

डिझाइनं होती, खरंच पेनड्राइव्हमध्ये होती. साडेचारशेच्या आसपास, एकही हरवलं नाही. मालकांना वाटलं, सुटलो. पण ती डिझाइनं उघडणार कशात? सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवरचं, त्याची सीडी कधीच कुणी तरी नेलेली. ज्यानं ते विकलं त्याचा जुना नंबर लागेना. नवीन आवृत्ती घ्यावी तर नवं लायसन्स, नवं मशीन, आणि वर जुन्या फायली तशाच उघडतील याची खात्री कुणी देईना. डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची खोचायची किल्ली, हातात होता, तो जुना प्रिंटर पोर्टात बसणारा, पण कॉम्प्युटरला त्याची ओळख पटवणारा ड्रायव्हर कुठून आणायचा? हे सगळं कसंबसं जमवलं तेव्हा खरी मेख कळली. जेकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचा, कुठला हुक कुठल्या धाग्याला, कडा कुठून सुरू, बॉर्डर कुठं संपते, ही मांडणी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फोल्डरात एका छोट्याशा फायलीत लिहिलेली होती. ती कॉपी करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? ती आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यानं ती मांडणी बसवली तो मास्तर केव्हाच सुरतेला निघून गेलेला.

नऊ दिवस गेले. मांडणी शेवटी जुन्या चादरीचा नमुना समोर ठेवून, धागे मोजून पुन्हा बसवली. तोवर पार्टीनं अर्धा माल दुसरीकडून उचलला होता.

त्या डब्यात फायली होत्याच, पण खरी पुंजी म्हणजे बसवलेला संसार होता. सॉफ्टवेअर, त्याचं लायसन्स, ड्रायव्हर, सेटिंग, प्रिंटरचं मार्जिन, टॅलीतला बिलाचा फॉरमॅट, मुनीमजींनी डेस्कटॉपवर आपल्या सोयीनं लावलेले आयकॉन. पेनड्राइव्हमध्ये तुम्ही भांडी भरून ठेवता, चूल तिथंच राहते.

चुलीसकट सगळं घर उचलून दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं मांडायचं, याला क्लोन म्हणतात. आमच्या धंद्यातली जुनी माणसं अजून 'घोस्ट मारणं' म्हणतात. नॉर्टन घोस्ट नावाचं सॉफ्टवेअर होतं, ते २०१३ मध्ये बंद झालं, शब्द मागं राहिला. स्टेपनीचंही तसंच. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे, तिथल्या कारखान्यानं १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी सुटं चाक बनवायला घेतलं. तो कारखाना कुणाला आठवत नाही, पण अक्कलकोट रोडवर पंक्चर झालेला टेम्पोवाला आजही स्टेपनीच शोधतो.

तुम्हा लोकांना तर हे नवीन नसायला हवं. पत्त्यांचा जमाना पाहिलेले आजोबा अजून काही घरांत आहेत. जेकार्डवर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरायची, भोक असलं तर सुई आत, नसलं तर बाहेर. भोकं झिजली, पत्ती फाटली की चादरीवरच्या मोराची मान तुटायची. म्हणून चालत्या डिझाइनच्या माळेवरून दुसरी माळ पंच करून घ्यायचे. हाच क्लोन. फ्रान्समध्ये लियोंच्या जोसेफ मारी जाकारनं १८०४ मध्ये तो माग उभा केला आणि पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी त्या पत्त्यांचीच कल्पना उचलली. म्हणजे कॉम्प्युटर तुमच्या मागाकडून शिकलाय. आता त्याचीच दुसरी माळ बांधून ठेवायला आपण विसरतो, याला काय म्हणावं!

डिस्क का उडते तेही थोडं सांगतो, कारण "कालपर्यंत तर चांगली चालत होती" हे वाक्य मी रोज ऐकतो. साध्या हार्डडिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात. त्यांच्यावर वाचणारं टोक तरंगत असतं, आणि मधलं अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. हे यंत्र आहे, यंत्रासारखंच झिजतं. त्यात आपलं गाव. मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. बहुतेक डिस्कची कंपनीनं सांगितलेली मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. सुताची धूळ डिस्कच्या पोटात शिरत नाही, ती पंख्यावर गादी करून बसते. मी कॅबिनेट उघडून पंख्यावरून उशीला पुरेल एवढी रुई काढलीय, अतिशयोक्ती नाही, लहान मुलाची उशी. पंखा घुसमटला की आत भट्टी. वर लाइट जाणं-येणं, आणि यूपीएसची बॅटरी तीन वर्षांपूर्वीच मेलेली, पण तिचा हिरवा दिवा लागतो म्हणून कुणी बदलत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. उघडलं की डिस्कची तब्येत दाखवतं. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे उशीर झाला. त्यात 'रिअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टर अशा दोन ओळी असतात. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा बारीक कप्पा. त्यांच्या पुढच्या मूळ आकड्यांत शून्याशिवाय काही दिसलं आणि ते वाढत असलं, तर आजच क्लोन घ्या. मात्र निळा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. निळ्यातून थेट काळ्यात गेलेल्या डिस्कही मी पाहिल्यात.

आता करायचं कसं. साधनं थोडी आहेत. क्लोनझिला फुकट मिळतं, तैवानच्या एका सरकारी संगणक केंद्रानं बनवलेलं. पेनड्राइव्हवरून चालू होतं, स्क्रीन दिसायला ओबडधोबड, माउस नाही, बाणांच्या बटणांनी फिरायचं. मला तेच आवडतं. मॅक्रियमचं फुकट रूप पुष्कळजण वापरायचे, २०२४ पासून त्याचा आधार बंद झाला. सीगेट आणि डब्ल्यूडीसारख्या कंपन्या आपल्या डिस्कसोबत स्वतःचं क्लोनचं सॉफ्टवेअर फुकट देतात, फक्त त्यांची एक डिस्क जोडलेली असावी लागते. आणि ज्याला काहीच नको त्याच्यासाठी दोन खाचांचा डॉक. एकात भरलेली, एकात कोरी, बटण दाबलं की काम सुरू, कॉम्प्युटरही लागत नाही.

डॉकवर थोडं थांबतो, कारण तिथं मी स्वतः तोंडावर आपटलोय.

सुताला खळ लावून देणाऱ्या एका सायझिंगवाल्यांची ५०० जीबीची डिस्क होती, कोरीही तशीच आणली, त्याच कंपनीची, त्याच रंगाचं लेबल. डॉकच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कुठली खाच मुळाची आणि कुठली नकलेची. मी समोरून बघत होतो. दुकानात गर्दी, कानाला फोन, बटण दाबलं. डॉकला यातलं काही कळत नाही, तो इमानेइतबारे कोऱ्या डिस्कचं कोरेपण भरलेल्या डिस्कवर उतरवत राहिला. पंचवीस टक्क्यांचा दिवा लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं. वायर उपटली. व्हायचं ते झालं होतं. त्यांचे दोन महिन्यांचे हिशेब मी आणि त्यांच्या मुनीमजींनी रात्री जागून कागदावरून पुन्हा भरले, आधीचे त्यांच्या सीएकडच्या कॉपीतून मिळाले. पैसे घेतले नाहीत हे सांगायला नको. ते अजून माझ्याकडेच येतात, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासून मूळ डिस्कला मी लाल टिकली लावतो. खरीखुरी टिकली, बायकोच्या पाकिटातली. दुकानात येणारे हसतात. शिवाय दोन्ही डिस्कच्या लेबलवरच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहायचे आणि सॉफ्टवेअरनं 'कुठून' आणि 'कुठे' विचारलं की स्क्रीनवरचे आकडे कागदाशी जुळवायचे. जुळवताना मोठ्यानं वाचायचं. जवळ कुणी नसलं तरी.

कोरी डिस्क घेताना एक फसगत होते, ती ऐका. तुमच्या जुन्या डिस्कवर ५०० जीबी लिहिलेलं असतं. दुकानदार म्हणतो, एसएसडी घ्या, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवाली डिस्क, जलद आहे, आणि हातात ४८० जीबीची देतो. २० जीबीनं काय होतंय? होतं. नक्कल मुळाएवढ्या किंवा मुळाहून मोठ्या डिस्कवरच सरळ उतरते. आत सामान अर्धंच असलं तरी घराचा नकाशा ५०० चा आहे, तो ४८० च्या प्लॉटवर बसवायला आधी भिंती आत घ्याव्या लागतात, तो उद्योग वेगळा. सरळ ५०० किंवा ५१२ मागा. विंडोजमध्ये ५०० ची डिस्क ४६५ दिसते, त्याला घाबरू नका, ती मोजण्याची पद्धत वेगळी आहे, दुकानदारानं कापलेले नाहीत.

वेळ किती लागतो? दोन्ही डिस्क कॅबिनेटच्या आत थेट केबलला जोडल्या तर ५०० जीबीला दीड तासाच्या आसपास. जुन्या यूएसबी पोर्टातून केलं तर पाच तास धरून चाला आणि मधे कुणी वायरीला पाय लावू नये म्हणून खुर्ची आडवी ठेवा. मूळ डिस्क आधीच आजारी असेल तर डॉकचं बटण दाबूच नका. खराब जागेवर तो अडून बसतो किंवा तेवढं गाळून पुढे जातो, आणि गाळलेलं सांगतही नाही. त्यासाठी डीडीरेस्क्यू आहे, तो आधी चांगला भाग भराभर काढून घेतो, खराब जागा नोंदवून ठेवतो आणि मागाहून त्यांच्याकडे वळतो. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. माझ्याकडेच आणा असं नाही.

क्लोन झाला, स्क्रीनवर 'यशस्वी' आलं, डिस्क चंदेरी पिशवीत गेली, ड्रॉवर बंद. इथंच बहुतेक जण थांबतात, आणि मला राग येतो तो इथंच. टेम्पोची स्टेपनी खाली अडकवलेली असते. ती दिसते. तिच्यात हवा आहे का हे कळतं ते मोहोळच्या पुढे रात्री दोन वाजता.

क्लोन संपला की मशीन बंद करा. मूळ डिस्क काढा. तिच्या जागी नक्कल लावा आणि त्या एकटीवर मशीन चालू करा. दोन्ही एकदम जोडून चालू करायचं नाही. दोघींची ओळखखूण एकच असते, विंडोज गोंधळतं, एकीला बाजूला टाकतं किंवा तिची खूण बदलून टाकतं, आणि मग ऐन वेळी ती उठत नाही. एकटी लावून विंडोज आलं तरी समाधान मानू नका. टॅली उघडा, कालची नोंद दिसते का बघा. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडा, डोंगल ओळखतंय का बघा. एक चादर उघडा, जेकार्डला पाठवायची फाइल बनवा, ती खरोखर मागावर नेऊन दोन इंच विणून बघा. एक बिल छापा. एवढं झालं की मगच ती स्टेपनी. तोपर्यंत तो रबराचा गोळा.

या तपासणीत लायसन्सची भानगडही आत्ताच कळते. काही सॉफ्टवेअर डोंगलवर चालतात, त्यांना डिस्क कुठली याचं सोयरसुतक नसतं. काही मात्र हार्डडिस्कचा नंबर धरून बसतात, नवी डिस्क दिसली की परवानगी मागतात. काही डिस्कच्या अगदी सुरुवातीला, फायलींच्या राज्याबाहेर खूण लिहून ठेवतात, त्यांच्यासाठी प्रत्येक सेक्टर जसाच्या तसा उतरवावा लागतो, नुसता वापरलेला भाग पुरत नाही. यातलं तुमचं कुठलं, हे आज कळलं तर विकणाऱ्याला शांतपणे फोन करता येतो. नव्या विंडोज ११ च्या मशीनवर बऱ्याचदा डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असतं, त्याची ४८ आकडी किल्ली मिळवून वहीत लिहून ठेवा, क्लोनवर ती विचारली जाऊ शकते. आणि डोंगल स्वतःच तुटला तर क्लोनचा काही उपयोग नाही. त्याला टेबलाच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मांडीला लागेल असा लावून ठेवणं बंद करा. हे मी किती वेळा सांगितलंय!

ठेवायची कुठे? त्याच ड्रॉवरमध्ये नको, त्याच खोलीत नको, खरं तर त्याच कारखान्यात नको. सुताच्या धंद्यात आगीचं भय मी तुम्हाला काय सांगणार. घरी न्या, कपाटात ठेवा, देवघराखालचा कप्पाही चालेल, फक्त उदबत्तीपासून लांब. पिशवीवर तारीख आणि मशीनचं नाव लिहा. आणि ती कशालाही जोडलेली राहता कामा नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला तेव्हा जगभर ज्या डिस्क मशीनला लटकलेल्या होत्या त्या मशीनबरोबरच कुलूपबंद झाल्या. ड्रॉवरमधल्या सुटल्या. तुमची मशीनं तर अजून त्याच वयाची आहेत. एक्सपीचा कंपनीकडून मिळणारा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, आपली सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरलेली होती त्या दिवसांत, आणि विंडोज १० चाही ऑक्टोबर २०२५ मध्ये. जुनं मशीन टाका असं मी म्हणत नाही, मागाला तेच लागतं हे मलाही कळतं. पण डिझाइनच्या मशीनला इंटरनेट कशाला हवंय? केबल काढून ठेवा.

नक्कल एसएसडीवर असेल तर एक पथ्य. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही. ग्राहकांसाठीच्या एसएसडीला जे प्रमाण लावतात त्यात, पुरेपूर वापरून झालेल्या डिस्कनं ३० अंशांत, वीज नसताना एक वर्ष माहिती धरून ठेवावी एवढीच अपेक्षा असते. उष्णता वाढली की मुदत घटते. आपल्याकडच्या कपाटात उन्हाळ्यात ३० अंश कुठले? नवी डिस्क याहून जास्त तग धरते, तरी दोन-तीन महिन्यांनी एकदा लावून चालवा.

आता क्लोननं काय होत नाही तेही सांगतो, नाहीतर उद्या माझ्याच दारात याल. क्लोन म्हणजे त्या दिवसाचा फोटो. पाच तारखेला घेतला आणि पंचवीसला डिस्क उडाली तर मधले वीस दिवस त्यात नाहीत. म्हणून टॅलीचा रोजचा बॅकअप, डिझाइनच्या फायलींची पेनड्राइव्ह, हे सोडायचं नाही. तुमचा 'आहे की सगळं' चुकीचा नव्हता, अर्धा होता. स्टेपनी चढवायची आणि तिच्यावर पेनड्राइव्हमधलं ताजं ओतायचं, की अर्ध्या तासात काम सुरू. आणखी एक, मशीनमध्ये घाण असेल तर क्लोनमध्येही तीच घाण उतरते. मुनीमजींच्या नातवानं टाकलेल्या गेमसकट.

"क्लाउडवर टाकतो की" असं धाकटी मंडळी म्हणतात. टाका, बरंच आहे. फायली राहतील. पण क्लाउडवरून एक्सपी आणि त्याचा डोंगल ड्रायव्हर तुमच्या डब्यात उतरून बसणार नाही. आपल्या गावाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण टाकी भरतो, पिंप भरतो, हंडे-कळश्या भरतो, पावणे येणार असले तर बादल्यासुद्धा. उजनीत पाणी आहे म्हणून कुणी घरचं पिंप रिकामं ठेवत नाही.

दर महिन्याला आठवण कोण ठेवणार, हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझा तोडगा सोपा आहे. अमावास्येला तुम्ही गाडीला लिंबू-मिरची बांधता, ते कधी चुकत नाही. त्याच दिवशी क्लोन. दोन डिस्क ठेवा, एक मशीनमध्ये, एक घरी. अमावास्येला मशीनमधलीची नक्कल घरच्या डिस्कवर उतरवा आणि मग मशीनमध्ये ती ताजी लावा, जुनी पिशवीत घालून घरी न्या. अशानं प्रत्येक स्टेपनी महिनाभर प्रत्यक्ष रस्त्यावर धावते, वेगळी तपासणी लागतच नाही. फक्त ज्या दिवशी अदलाबदल केली त्या दिवशी टिकलीही बदलायला विसरू नका. पहिल्यांदा करायला निवांत दिवस हवा असेल तर नारळी पौर्णिमा बरी, मार्कंडेय महामुनींच्या रथाला सगळे जातात, माग बंद असतात, संध्याकाळपर्यंत कुणी बिल मागायला येत नाही.

आणि हे काम मालकांनी करायचं नाही, मुनीमजींनीही नाही. जॉबरला शिकवा. मी हे गंभीरपणे म्हणतोय. जो माणूस जेकार्डच्या हजारो दोऱ्यांतून एक तुटलेली दोरी डोळे झाकून शोधतो, त्याला चार स्क्रू आणि दोन केबल म्हणजे काय? एका कारखान्यात मी तसं केलं. जॉबर पन्नाशीचा, घरी तेलुगू बोलणारा, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेला. पहिल्यांदा म्हणाला, "शॉक बसंल की हो." दुसऱ्या महिन्यात त्यानं माझ्या आधी केबल उपसली. मागच्या उन्हाळ्यात त्यांची डिस्क खरोखर उडाली, तेव्हा मला फोन आला तो दुसऱ्या दिवशी, आणि तोही नवी कोरी डिस्क कितीला पडेल हे विचारायला. दुकानदार म्हणून माझं नुकसानच झालं म्हणायचं. पण मला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

खर्चाचं मी लिहिणार नव्हतो, पण विचाराल म्हणून. एक डिस्क आणि एक डॉक, एवढंच. महिन्याच्या लाइट बिलापुढे ते कुठंच लागत नाही. डॉक तर एका गल्लीत एक पुरे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेजारी-शेजारी आठ-आठ कारखाने आहेत, वार्पिंगला एकमेकांचे बीम चालतात, मग डॉक का नाही? तुमच्या संघटनांच्या बैठकीत लाइटदर आणि सूतदर यांच्यानंतर पाच मिनिटं उरली तर हा विषय काढा, अशी विनंती आहे. संघटनेनं दोन डॉक घेऊन आळीपाळीनं फिरवले तरी पुष्कळांचं काम होईल. डॉकच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'भरलेली इकडे' आणि 'कोरी इकडे' असं रंगवून मी देईन, फुकट.

येत्या अमावास्येला मी दुकान दुपारी दोनपासून याच कामासाठी मोकळं ठेवतोय. नुसती डिस्क नको, कॅबिनेट आणा, म्हणजे लावून, चालवून बघता येईल. डोंगल आणा. विंडोजचा पासवर्ड आणा, तो मुलालाच माहीत असेल तर मुलाला आणा. आधी अंगणात कॅबिनेट उघडून पंखा झटका, दुकानात माझी बायको ओरडते. मॉनिटर, कीबोर्ड, माउस माझ्याकडे आहेत. मागच्या वेळी एक मालक टेम्पोतून सगळं टेबलच घेऊन आले होते, खुर्ची आणि गणपतीच्या फोटोसकट.

आपला,
नवी पेठेतला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला